बंधारा टिकला पाहिजे

पावसाळा ओसरला की गावोगावच्या छोट्या शाळांत श्रमदानातून वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूची पोती रचून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध, बांधण्याची चांगली प्रथा आहे. पण अनेकदा काम फोटोपुरते होते आणि आठवडाभरात पाणी निघून जाते. मुलांच्या कष्टांचे असे होऊ नये.

ओढ्याची धार मंदावली की, साधारण ऑक्टोबरात, काम उरकावे. डिसेंबरात अडवायला फारसे पाणी उरत नाही. पात्र अरुंद आणि दोन्ही काठ मजबूत असलेली जागा निवडावी. तळातले गोटे, पालापाचोळा काढल्याशिवाय पहिला थर लावू नये, गळती बहुधा तिथूनच सुरू होते. सिमेंटची रिकामी पोती पाऊणच भरावीत. ठासून भरलेले पोते गोल राहते, शेजारच्याला चिकटून बसत नाही. नुसती वाळू भरली तर पाणी झिरपते. विटांसारखे सांधे मोडत थर रचावेत, तळ रुंद ठेवावा. टोकाची पोती काठात हातभर घुसवावीत आणि मधला भाग एक थर खाली ठेवावा, नाहीतर पाणी बाजूने काठ कापते. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, चिकणमातीचा लेप हवाच.

भरलेले पोते ३५-४० किलोंचे होते. ते उचलणे पालकांचे काम. मुलांनी पोत्यांची तोंडे धरावीत, सुतळीने शिवावीत. उन्हाने पोती विरतात आणि पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खालच्या गावात जातात. म्हणून उन्हाळी सुट्टीपूर्वी ती काढण्याचा दिवसही शाळेने आताच ठरवावा.

– एक शिक्षक, भोर (जि. पुणे)