उद्यानात तासभर बसता यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या उद्यानाच्या उद्घाटनाची बातमी आली की त्यात कारंजी, रंगीत दिवे आणि एकूण क्षेत्रफळ यांचा उल्लेख हमखास असतो. मात्र तिथले स्वच्छतागृह किती वाजता उघडते, हे सहसा कोणी विचारत नाही. मी गेली अनेक वर्षे पहाटे घराजवळच्या उद्यानात फिरायला जाते. तिथे स्वच्छतागृह आहे, दारावर स्त्री-पुरुषांच्या चित्रांची पाटीही आहे, पण कडीला कुलूप असते. किल्ली ज्या कर्मचाऱ्याकडे असते तो आठ वाजता येतो आणि फिरणारी बहुतेक मंडळी साडेसातलाच परततात. मधुमेही, गर्भवती स्त्रिया, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा यांच्यासाठी ते उद्यान फार तर अर्ध्या तासाचे असते. पालिकेच्या कागदावर मात्र ‘सुविधा उपलब्ध’ असा शेरा असणार, यात मला शंका नाही.

बाकांचीही तीच कथा. पाठ टेकायला आधार नसलेल्या दगडी बाकावर धडधाकट माणूसही पंधरा मिनिटांत अवघडतो आणि बाकाला हात नसतील तर गुडघे दुखणाऱ्याला उठताना शेजाऱ्याचा खांदा शोधावा लागतो. बाक सावलीत हवा म्हणून तो झाडाखाली करतात, हे योग्यच. पण त्याबरोबर थेट बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना पाणी आणि हवा मिळेनाशी होते, झाड हळूहळू खंगते आणि ज्या सावलीसाठी हा खटाटोप केला तीच नाहीशी होते. घसरगुंडीखाली अंथरलेल्या रबराने पडलेल्या मुलाला लागत नाही हे खरे, परंतु वर सावली नसेल तर दुपारी ते इतके तापते की त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

शहरात किती उद्याने आहेत, हा आकडा सांगून प्रशासन मोकळे होते, पण त्यावरून ती कोणाच्या आवाक्यात आहेत हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ मध्ये एक साधे माप सुचवले आहे: घरापासून सरळ रेषेत ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी. नकाशावरची सरळ रेषा मात्र भिंतीतून आरपार जाते, माणूस जात नाही. उद्यानाला एकच फाटक असेल आणि ते नेमके पलीकडच्या बाजूला, वाहत्या रस्त्यावर असेल, तर भिंतीला लागून राहणाऱ्यालाही मोठा वळसा पडतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला, तेव्हा तो आखणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी उद्यान ओलांडणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले होते, जेणेकरून फिरणाऱ्यांच्या वाटेत गाड्या येऊ नयेत. आपल्याकडे चालणाऱ्याचा एवढा विचार उद्यानाच्या आतही क्वचितच होतो. बाहेरच्या पदपथाबद्दल तर बोलायलाच नको.

उद्यान उभारण्यासाठी निधी एकदा मिळतो, पण नळाची तोटी, पाळण्याची साखळी आणि तुंबलेली मोरी यांच्यासाठी तो दर वर्षी लागतो. म्हणूनच प्रत्येक उद्यानाच्या फाटकावर देखभालीची वार्षिक तरतूद, जबाबदार कर्मचाऱ्याचे पद आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लिहावा, अशी माझी मागणी आहे. भिंतीत दुसरे फाटक काढायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. परंतु स्वच्छतागृहाच्या कुलपासाठी निविदा काढण्याची गरज नाही. रात्रपाळीचा पहारेकरी पहाटे पाच वाजता मुख्य फाटक उघडतोच. दुसरी किल्ली त्याच्याकडे द्यावी.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक