खापरपणजीचं नाव शोधून देणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला इंग्रजीतून वेगळं पत्र पाठवलं आहेच. हे मराठीत लिहितोय ते आमच्या माणसांसाठी, आणि ज्यांच्या घरातलं कुणी शंभर वर्षांपूर्वी परदेशी गेलं ते परतलंच नाही, त्यांच्यासाठी.

माझे चुलत पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी मुंबईहून बोटीत बसले. काही वर्षं अमेरिकेतून पत्रं येत होती, मग बंद झाली. ती पत्रंही आता उरलेली नाहीत. 'कॅलिफोर्नियात फळबागेत कामाला होते' एवढंच कराडच्या आत्याला ठाऊक. कामानिमित्त सॉल्ट लेक सिटीला आलो, तेव्हा तेवढ्या माहितीवर मी वेस्ट टेंपल रस्त्यावरच्या फॅमिलीसर्च ग्रंथालयात, म्हणजे तुमच्या मॉर्मन चर्चच्या वंशावळी शोधण्याच्या ग्रंथालयात, शिरलो. प्रवेशाला पैसे नाहीत, धर्म कुणी विचारला नाही. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि आधी एवढंच विचारलंत, की तुमच्याकडे पूर्ण नाव कसं लिहितात?

स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, असं मी सांगितलं. ते तुम्ही वहीत टिपून घेतलंत आणि शोधताना आडनावाचा रकाना रिकामा सोडलात. जन्म भारतात, राहणं कॅलिफोर्नियात, जन्मसाल पाच वर्षं मागेपुढे. नावातल्या ज्या अक्षरांची खात्री नाही तिथे तारका. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं असणार, हे तुम्ही धरूनच चालला होतात. एकेक नोंद उघडायची, वाचायची, बाजूला ठेवायची. जेवणाची वेळ टळून गेली तरी तुम्ही उठला नाहीत.

आणि मग अमेरिकन लष्करभरतीच्या नोंदणीचं ते कार्ड पडद्यावर आलं. तारीख १२ सप्टेंबर १९१८. १८ ते ४५ वयाच्या ज्या पुरुषांची आधी नोंद झाली नव्हती, त्या सगळ्यांना त्या दिवशी लष्करभरतीसाठी नाव द्यावं लागलं होतं. परक्या देशाच्या माणसांचीही त्यातून सुटका नव्हती. आमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसलं होतं आणि आडनाव गायब होतं. वंशाच्या चौकटींत 'इंडियन'वर खूण होती. ती चौकट खरं तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी होती, हे तुम्हीच समजावून सांगितलंत. पण खाली सही होती, आणि ती मोडीत होती! मला मोडी वाचता येत नाही, पण आजोबांच्या कागदांवर ती वळणं पाहिलेली. पुढे साताऱ्यात एका जाणकारांनी ती सही वाचली, तर त्यात आमचं आडनाव स्पष्ट होतं.

त्या कार्डावर सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नावही लिहावं लागे. पणजोबांनी आपल्या आईचं नाव दिलं होतं. खाली आमचं गाव, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा. सिस्टर, आमच्या घरच्या वंशावळीत सगळे पुरुषच आहेत. खापरपणजीचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते कॅलिफोर्नियातल्या एका कार्डावर होतं, आणि ते तुमच्यामुळे घरी आलं.

तुम्ही निवृत्तीनंतर राहतं घर बंद करून, स्वतःच्या खर्चाने इथे सेवेला आलात, याला तुमच्या चर्चमध्ये मिशन म्हणतात. पूर्वजांसाठी मंदिरात विधी करता यावेत म्हणून त्यांची नावं शोधायची, ही तुमची श्रद्धा. माझी वेगळी आहे, आणि तुम्ही तुमची माझ्यावर कधी लादली नाहीत. पण तर्पणाला तीन पिढ्यांची नावं घेताना एखादं आठवलं नाही की वडील किती अस्वस्थ व्हायचे ते मी पाहिलंय, त्यामुळे तुमची तळमळ मला लगेच कळली. १९३८ पासून तुमच्या लोकांनी देशोदेशीच्या नोंदींची मायक्रोफिल्म केली, चोवीस लाखांहून जास्त रिळं लिटल कॉटनवुड दरीतल्या ग्रॅनाइटच्या डोंगरात जपली आणि २०२१ मध्ये त्यांचं डिजिटायझेशन पुरं केलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यात आहेत, हे तुम्ही उघडून दाखवलंत तेव्हा माझा विश्वासच बसेना. मराठी वाचकांनो, यातलं बरंच काही घरबसल्या फुकट पाहता येतं. फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि बघा. आणि गावाकडे घराण्याच्या पिढ्या सांगणारे हेळवी येत असतील तर त्यांनाही बसवून घ्या, विचारा.

पणजोबांचं पुढे काय झालं ते अजून सापडलेलं नाही. तुम्ही दाखवलेल्या रीतीने मी १९२० च्या जनगणनेची पानं चाळतोय.

आत्याने कार्डाची प्रत देवघराशेजारी लावली आहे. तुमच्या पणजीचं नाव काय, हे तिने दोनदा विचारलं. तेवढं नक्की कळवा. आणि मिशन संपलं की थंडीत कराडला या, असा तिचा निरोप आहे. कृष्णा-कोयनेचा संगम मी दाखवीन, जेवणाचं ती बघणार आहे.

तुमचा ऋणी,
कराडच्या घरातला एक पणतू