वाडीबद्दल, आणि ला इस्लेताबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न.

गेल्या रविवारी वाडी विकण्यावरून फोनवर मी जरा जास्तच बोलले. हे पत्र त्याबद्दल नाही, अशी सुरुवात करणार होते. पण खोटं कशाला लिहू?

या आठवड्यात चार दिवस रजा टाकून माद्रिदहून खाली आल्मेरियाला आले आहे. काबो दे गाता म्हणजे स्पेनचा अगदी आग्नेय कोपरा. ला इस्लेता देल मोरो या गावात खोली घेतली आहे. जेमतेम शे-दोनशे माणसांची वस्ती, दोन खडकांच्या आडोशाला ओढून ठेवलेल्या होड्या, पांढरी घरं. ऑक्टोबरात इथे फारसं कुणी येत नाही. सकाळी सातला जाग येते ती लाटांनी आणि एका कोंबड्याने.

आई, इथल्या घरांना उतरतं छप्पर नाहीच, सगळी सपाट. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैत दोन दिवस नीट लागला तर तेवढा होतो. युरोपातला हा सगळ्यांत कोरडा भाग. डोंगर ज्वालामुखीचे, काळे-तांबडे, त्यावर घायपात आणि बुटके खजुरीसारखे माड. ते माड म्हणे युरोपच्या मुख्य भूमीवरचे एकमेव मूळचे. पोफळ इथे एक दिवस टिकणार नाही. आकाश भरून आलं की घरोघरी 'मिगास' करतात, म्हणजे रवा किंवा पीठ तेलात परतून मोकळं केलेलं. तुझा तिखटमिठाचा सांजाच. वर तळलेली मासळी. आपण भजी तळतो तसं. माझ्या नशिबी ढग काही आला नाही, पण घरमालकीणबाईंनी हट्टाने करून घातलं. वाळवलेला ऑक्टोपसही खाल्ला, भाजून. वास थेट आपल्या सुक्या बोंबलांचा. शेजारची जर्मन जोडी उठून लांब बसली, मी मात्र दुसऱ्यांदा मागितला.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. पोसो दे लोस फ्राइलेस गावात रस्त्याकडेला रहाट आहे. लाकडी चाकं, जनावर जुंपायची दांडी, सगळं दुरुस्त करून ठेवलेलं. इथे त्याला 'नोरिया' म्हणतात. मी बराच वेळ तिथे उभी होते. आजोबांच्या वेळचा बैलरहाट आणि वाडी शिपण्याच्या गोष्टी तुम्ही सांगायचात, तेव्हा मी मोबाइलमध्ये असायचे. इथे एका अनोळखी म्हाताऱ्याला खुणा करून विचारलं की गाढवाच्या डोळ्यांवर झापड बांधायचे का. बांधायचे म्हणाला.

आता मुख्य मुद्दा. हा किनारा असा राहिला तो निव्वळ पाणी नाही म्हणून नाही. 1987 मध्ये इथे नैसर्गिक उद्यान जाहीर झालं. आणि सान होसेजवळ हेनोवेसेस नावाचा लांबलचक, एकही इमारत नसलेला किनारा आहे. तो एका बाईमुळे राहिला. डोन्या पाकिता. मैलोन्‌मैल जमीन तिची. बांधकामवाले दारात येऊन गेले, ही बधली नाही. शंभरी ओलांडून 2014 मध्ये गेली. तिच्यामागे कुटुंबातल्यांनी जुन्या शेतघराचं छोटं हॉटेल करायचं काढलं तेव्हा केवढी ओरड झाली. हे ऐकताना मला घास गिळवेना, कारण या गोष्टीत मी कोण ते मला कळत होतं.

उत्तरेला कार्बोनेरासजवळ अल्गारोबिकोचा किनारा आहे. तिथे डोंगराच्या पोटात वीस मजली, 411 खोल्यांचं हॉटेल उभं आहे. उद्यानाच्या हद्दीत बांधलं म्हणून 2006 मध्ये कोर्टाने काम थांबवलं. तेव्हापासून निकालांवर निकाल, आणि सांगाडा तसाच. एकाही खोलीत कुणी झोपलेलं नाही. वाळूत बसून वर बघितलं की मान दुखते.

आई, निसर्ग वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा तू पंच्याहत्तर रोपं लावलीस आणि मी हसले होते. "रोठा सुपारी धरेपर्यंत तू कुठे असशील" असंही म्हणाले. हे मला आठवतं, तुलाही आठवत असणार, तू बोलत नाहीस एवढंच. त्या रिसॉर्टवाल्या दलालाला मीच तुमचा नंबर दिला होता, हे बाबांना माहीत नसेल. आता सांगते. त्याचा नंबर मी कालच काढून टाकला. तुम्ही विकणार असाल तर तो तुमचा निर्णय, गुडघे तुमचे आहेत, पाणी तुम्ही काढता. माझी घाई मात्र मी मागे घेते.

डिसेंबरात तीन आठवडे येते आहे. बाबा, जुन्या रहाटाची चाकं गोठ्याच्या माळ्यावर आहेत ना? गेल्या वर्षी मी ती भंगारात द्या म्हणाले होते. दिली नसतील तर राहू द्या.

तुमची,
मनू