त्या घरात वहिनीही राहतात

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "संसारात सुखच उरलं नसेल, तर बाहेर जीव गुंतला म्हणून काय बिघडलं?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

तुझा संसार सुखाचा नाही, हे मी पाहतोच आहे. दुसऱ्या कुणाची ओढ वाटली, याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण तू तासभर बोललास ते फक्त तुझ्याच दुःखाबद्दल. अरे, त्या घरात वहिनीही राहतात. न बोलता उरकलेली ती जेवणं त्याही जेवतात. तू स्वतःपुरती वाट काढलीस आणि त्या अजून हा संसार सावरायच्या खटपटीत आहेत. खरं कळलं असतं, तर त्या भांडल्या असत्या, माहेरी गेल्या असत्या, सोडलेली नोकरी पुन्हा शोधली असती, कदाचित तुला मोकळंही केलं असतं. काय करायचं हे ठरवण्याचा त्यांचा हक्क तू परस्पर काढून घेतलास. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

"कोर्टही आता याला गुन्हा मानत नाही," असं तू म्हणालास. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, पण का, तेही बघ ना. त्या कलमात शिक्षा व्हायची परपुरुषाला, तक्रार करायची नवऱ्याने, आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही! बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता, असाच त्याचा अर्थ. बायकांच्या सन्मानासाठी दिलेला निकाल तू स्वतःच्या बायकोपासून लपवाछपवी करायला पुढे करतोस? घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्यात आजही आहे. आणि हेच वहिनींनी केलं असतं तर? व्यभिचारात राहणाऱ्या बायकोला कायदा आजही पोटगी नाकारतो.

अशा वागण्याचं कधीच समर्थन करता येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. नवरा मारतो, माहेरचं दार बंद, हातात पैसा नाही, तोंड उघडलं तर जिवाला धोका, अशा बाईला कुणी मायेचं माणूस भेटलं, तर मी तिला बोल लावणार नाही. तिला खरं बोलणं परवडतच नाही. तुझं तसं आहे का? परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय १९७६ पासून आहे. वर्षभर वेगळं राहून दोघांनी मिळून अर्ज करायचा. पुढची सहा महिन्यांची मुदतही कोर्ट माफ करू शकतं. लेकीला सांगणं, घराची वाटणी, आईचं रडणं, हे सगळं जड जाईल, कबूल.

रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सुनावलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. सुटकेचा मार्ग दिसत नसतानाही त्यांनी जगासमोर नकार दिला. तुला तर एका माणसासमोर बोलायचं आहे.

वहिनींना तूच सांग, आणि लवकर सांग. मी होऊन त्यांना काही सांगायला जाणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. सांगितल्यावर घरी थांबणं अवघड झालं तर इकडे निघून ये, खोली रिकामीच आहे. वकिलाकडे जायचं ठरलं तर मी सोबत येईन. आणि वहिनींना माझी काही मदत लागली, तर तीही करीन.

तुझाच,
बाळपणीचा सोबती