रात्री दीड ते सकाळी सहा

उदगीर,
गुरुवार, रात्री

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. ते बरं झालं नाही. फोन ठेवल्यावर तुझी आई दोन तास माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "लेकरू दमून आलं होतं, तुम्हाला तीन हजाराचं पडलंय." म्हणून लिहायला बसलो. त्या रात्रीचा विषय काढणार नाही असं तिला कबूल केलं आहे. तर फक्त कामाचं.

तुझं विमान रद्द झालं त्याच्या भरपाईबद्दल विमान कंपनीनं दिलेलं उत्तर मी तीनदा वाचलं. हवामान खराब होतं, म्हणून भरपाई बसत नाही, असा त्याचा सगळा अर्थ. हवामानाचं कारण खरं असेल तर भरपाई मिळत नाही, नियमच तसा आहे. पण खरं असेल तर! तुझं बंगळुरूहून हैदराबादचं विमान रात्री ९ वाजून १० मिनिटांचं. आधी साडेअकरा केलं, मग सव्वा, आणि दीड वाजता रद्द. तुझ्या मोबाइलवरच्या मेसेजमध्ये 'ऑपरेशनल कारण' लिहिलंय. काउंटरवरच्या पोरीनं पायलटची ड्यूटी संपली म्हणून सांगितलं. आणि तूच म्हणलीस की दुसऱ्या कंपनीचं हैदराबादचं विमान तुझ्यासमोर गेलं. मग पाऊस काय एकाच कंपनीच्या विमानावर पडत होता?

तलाठ्याची नोकरी केली मी. आमच्याकडं कुणी 'पाऊस लई झाला' म्हणून भागत नव्हतं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तरच अतिवृष्टी. मापकात ६३ निघाला की शेतात तळं साचलेलं असलं तरी आमचा पेन चालत नव्हता. शेतकऱ्याला इतकं मोजून मागतात, तर कंपनीनंही मोजून दाखवावं की.

डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा नियम शेजारच्या सचिनकडून छापून आणला, लाल पेनानं खुणा केल्यात. उड्डाण रद्द होणार हे निदान चोवीस तास आधी कळवायचं. नाही कळवलं तर प्रवाशाला पटेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. एका तासापर्यंतचं उड्डाण असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याच्या वर १०,०००. मी हरखून आईला सांगायला गेलो, साडेसात हजार! मग चष्मा पुसून पुढची ओळ वाचली: किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. तुझं ते तीन हजार पन्नास होतं. म्हणजे तितकेच. त्यांनी दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान देऊ केलं ते तू नाकारलंस आणि तिकिटाचे पैसे परत घेतलेस, हे चांगलं केलंस. नाहीतर भरपाईचा मुद्दाच ढिला पडला असता.

कुलकर्णी सरांच्या जावयाला फ्रँकफर्टहून येताना विमान उशिरा आलं म्हणून ६०० युरो मिळाले. तिकडं साडेतीन हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास आणि पोचायला चार तासांच्या वर उशीर, एवढ्यावर मिळतात. आपल्याकडं नुसत्या उशिराला पैसा नाही, खायला-प्यायला मिळतं. तुझ्यासारख्या कमी अंतराच्या विमानाला दोन तास उशीर झाला की द्यायलाच पाहिजे. तुला काय दिलं? "दिलं काहीतरी," एवढंच म्हणलीस. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं विमान सहा तासांच्या वर लांबलं तर खोलीसुद्धा द्यावी लागते. तुला कुणी खोलीचं विचारलं तरी का? बाकीची माणसं तिथंच होती का, का उठून गेली?

राहिलं. काढणार नव्हतो विषय.

पण बाई, बिदरकडून आलेल्या बसमधून रात्री साडेबाराला तू उतरलीस तेव्हा चपला हातात होत्या. पाय सुजून टम्म. मी स्कूटर चालू केली, तू मागं बसलीस आणि घर येईपर्यंत एक शब्द नाही. महालक्ष्म्यांचं जेवण होऊन दिवस सरला होता. आईनं तुझं पान झाकून ठेवलं होतं. पोळ्या कडक झालेल्या, सोळा भाज्यांची ती भाजी गार. तू उभ्यानंच खाल्लीस. आंबील तीनदा मागितलीस. लहानपणी आंबिलीचं भांडं दिसलं तरी पळायचीस. ज्या पोरीनं आंबील तीनदा मागितली ती कधीची उपाशी असेल, हे मला तेव्हापासून सुटत नाही.

विचारलं तर "काही नाही अण्णा, बसले होते." आणि भरपाईचं काढलं तर "राहू द्या." हे 'राहू द्या' ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून ओरडलो. तुझ्यावर नाही. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

२०१४ ची गारपीट तुला आठवत असेल. दादांचा हरभरा काढणीला आला होता, तो पार झोडपून गेला. मातीत दाणे दिसत होते, वेचायला कावळेसुद्धा आले नाहीत. आपल्या गावाच्या सज्जाला माझाच सोबती तलाठी होता. त्यानं फोन करून विचारलं, "तुमच्या दादांचं किती टक्के लिहू?" मी म्हणलं, राहू द्या. तलाठ्याच्या बापाचं नाव यादीत पहिलं, असं लोक म्हणतील. नुकसान शंभर टक्के होतं, गावानं बघितलेलं. दादा त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बी-बियाण्याला त्यांनी पतसंस्थेतून उचल घेतली, हे मला दुसऱ्याकडून कळलं. तर ते 'राहू द्या' तुझं नाही, माझं आहे. तू ते घेऊ नकोस.

बघ, लागलो भाषण द्यायला. माफ कर. इतक्या मोठ्या कंपनीत तू तीस माणसं सांभाळतेस, हे मी बाजारात निम्म्या उदगीरला सांगून बसलोय, आणि घरात तुला फॉर्म कसा भरायचा ते शिकवायलोय.

तरी सांगतो. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याचं नाव-पत्ता असतो, आधी त्याला लिही. मेसेजचे स्क्रीनशॉट जोड. तिथं भागलं नाही तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडं, आणि केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रारीच्या पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तू राहतेस तिथंच, बंगळुरूलाच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षं. पण दोन वर्षं आहेत म्हणून बसू नकोस.

अर्जाचा मजकूर मी तयार केलाय, सोबत आहे. पंचनाम्यासारखाच लिहिलाय, वेळ डावीकडं, काय घडलं ते उजवीकडं. ९.१०, ११.३०, १.१५, सगळं भरलंय. सकाळी सहाची हैदराबादची बस, तिचं तिकीटही लावलंय. फक्त रात्री दीड ते सकाळी सहा ही जागा कोरी आहे. कुठं होतीस, कोण होतं, काय खाल्लंस, झोप लागली का, ते तूच लिही. अर्जाला एवढं सगळं लागत नाही, हे मला माहीत आहे. लिही तरी.

तुझा,
अण्णा

ता.क. बोर्डिंग पास हरवला म्हणलीस, तो आईनं महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या डब्यात ठेवला होता. महत्त्वाचा कागद वाटला म्हणे. पाठवतोय. चपलेचा पट्टाही शिवून आणलाय, तो दिवाळीला आलीस की.