वजनाबरोबर बोलण्याचीही नोंद हवी

संपादक महाशय,

लहान मुलांच्या हातातल्या मोबाइलवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात सगळं खापर आयांवर फोडलंय. मी निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर 22 वर्षं अंगणवाडी चालवते. त्या आयांना मी रोज बघते, म्हणून लिहायला बसले.

डिपिंग-थिनिंगचे, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवायचे आणि मणी विरळ करायचे दिवस आले की आमच्या बाया सकाळी सातलाच पिकअपमध्ये बसून द्राक्षबागेत जातात. मूल आजीजवळ. आजीचे गुडघे धरलेले, पोर एका जागी ठरत नाही, मग त्याच्या हातात मोबाइल जातो. याला निष्काळजीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गेल्या हंगामात अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येऊ लागला. वजन चांगलं, आलेखात हिरव्या पट्ट्यात. पण तहान लागली की माझा पदर धरून मला माठापाशी ओढत न्यायचा. ‘पाणी’ हा शब्दच त्याच्याकडे नव्हता. इंग्रजी आकडे मात्र मोबाइलमधल्या बाईच्या चालीत घडाघडा म्हणायचा. घरचे म्हणाले, ‘‘जीभ जड आहे ताई, बापपण उशिराच बोलला.’’

माझी भाची वाचाउपचाराचं शिक्षण घेते. तिने दोन प्रयोग सांगितले, ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये कॅनडात दाखवून दिलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखता येतो, पण वर्षाच्या आतच बहुतेकांची ती ओळख पुसट होते. म्हणजे तोंडातून पहिला शब्द फुटण्याआधीच कानाची निवड चालू असते. दुसरा प्रयोग अमेरिकेत सिएटलला पॅट्रिशिया कूल यांचा, 2003 चा. नऊ महिन्यांच्या बाळांपुढे चिनी बोलणारी माणसं 12 वेळा बसली, खेळली, गोष्टी वाचल्या. बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच बोलणं दुसऱ्या बाळांना टीव्हीवर दाखवलं, तर ती काहीच शिकली नाहीत.

त्या मुलाचे कान आधी तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग आजीला म्हटलं, मेथी निवडताना याला समोर बसवा आणि बोलत राहा. ‘हे पान, ही काडी, ही माती, फू कर.’ तो बघेल, बोट दाखवेल, त्याला उत्तर द्या. घास भरवताना चिऊ-काऊ परत आणा. शेजारच्या दोघी म्हाताऱ्याही ओट्यावर येऊन बसू लागल्या. सव्वा महिन्याने त्याने काडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘‘कादी.’’ आजीच्या डोळ्यांना पदर लागला. एवढ्यावर सगळं सुटलं नाही, पुढे त्याला तज्ज्ञांकडेही न्यावं लागलं. प्रत्येक न बोलणारं मूल मोबाइलमुळेच गप्प असतं असंही नाही. कुणाला ऐकू येत नसतं, कुणाची अडचण आणखी वेगळी असते. म्हणूनच वेळेत तपासणी हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, विकासातला उशीर त्यांच्या यादीत आहे. पण एका फेरीत चुकलेलं मूल पुढच्या फेरीपर्यंत सहा महिन्यांनी मोठं होतं. वजन आम्ही दर महिन्याला घेतो. त्याच दिवशी दोनच प्रश्न विचारायला लावा: हाक मारली की वळून बघतं का? दोन वर्षांचं झालं, तर दोन शब्द जोडून बोलतं का? मोबाइलवर इतक्या नोंदी भरतो, त्यातल्या दोन कमी करून या घाला.

आणि वाचाउपचार तज्ज्ञ महिन्यातून एक दिवस तालुक्याला बसवा. नाशिकला जायचं तर बाईचा अख्खा रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. निफाडला सोय झाली, तर दुपारी ती परत बागेत पोचेल.

– एक अंगणवाडी सेविका, ता. निफाड, जि. नाशिक