अल्ब्युमिन कमी म्हणून प्लाझ्मा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांत मी २७ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर, गेल्या पावसाळ्यात, मोठ्या काकूंच्या निमित्ताने पुन्हा रक्तपेढीच्या खिडकीशी उभं राहावं लागलं; या वेळी बाहेरच्या बाजूने. काकूंचे पाय सुजले होते. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं पाणी शिरांत धरून ठेवणारं प्रोटीन, २.१ आलं, ते साडेतीनच्या वर हवं. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "अंगात प्रोटीनच राहिलं नाही, प्लाझ्माच्या चार पिशव्या चढवू." प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव. दोन्ही मुलं रात्रभर बदली डोनर शोधत फिरली. दुसरी पिशवी संपता संपता काकूंना धाप लागली आणि ऑक्सिजन लावावा लागला.

प्लाझ्माची एक पिशवी साधारण २०० मिलिलिटरची. त्यात प्रोटीन १०-१२ ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांएवढं. काकूंचं वजन ४५ किलो, त्यांना रोज ३७-३८ ग्रॅम तरी लागतं. चार जणांनी रक्त द्यायचं, आणि काकूंच्या पदरात पडायची जेमतेम एका दिवसाची गरज! तीही अन्नासारखी लगेच अंगी लागत नाही. उलट एवढं पाणी शिरेतून गेलं की म्हाताऱ्या हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं, कुणाला ॲलर्जी होते. प्लाझ्मा लागतो तो त्यातल्या रक्त गोठवणाऱ्या घटकांसाठी: बाळंतपणात रक्तस्राव थांबत नसेल, मोठा अपघात असेल, लिव्हर निकामी होऊन रक्त वाहत असेल तेव्हा. पोषणासाठी तो देऊ नये, हे रक्तसंक्रमणाच्या मार्गदर्शक सूचनांत जुनंच आहे. खिडकीच्या आत असताना ‘प्रोटीन कमी’ म्हणून प्लाझ्मा मागणारे कागद मीही पाहिले, आणि ३७ अंशांच्या पाण्यात पिशव्या वितळवून मुकाट्याने दिल्या. त्याची मला खंत आहे.

काकू खातात काय, हे कुणीच विचारलं नव्हतं. दिवाळीत दात काढले, तेव्हापासून दोन्ही वेळा चहा-खारी. जन्मभर कळण्याची भाकरी खाल्लेली बाई! ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा एक आवश्यक घटक कमी, उडदात तो भरपूर. आपल्या आज्यांनी दोन्ही एकत्र दळले, त्यात किती शहाणपण होतं. नंतरच्या डॉक्टरांनी आधी लघवी आणि लिव्हर तपासलं, टीबी नाही ना तेही पाहिलं, कारण अल्ब्युमिन किडनीतून गळूनही कमी होतं आणि मग उपचारच बदलतात. तसं काही निघालं नाही. मग दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी, मुगाचं घट्ट वरण आणि रोज दोन अंडी सुरू झाली. सूज उतरायला दीड महिना लागला, पण उतरली.

सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या लेकरांची गोष्ट याहून नाजूक आहे. पायावर सूज आलेलं कुपोषित मूल पाहून घरचे घाबरतात आणि सलाईन लावा, पिशवी चढवा म्हणतात. अशा मुलाचं हृदय अशक्त असतं, त्याला शिरेतून पाणी फार जपून द्यावं लागतं. पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवातीला एफ-७५ हे दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजतात. त्यात प्रोटीन मुद्दाम कमी असतं, कारण उपाशी शरीराला एकदम जास्त पेलत नाही. सोबत जंतुसंसर्गावर औषध देतात. भूक परतली की मग जास्त प्रोटीनचं एफ-१०० दूध. अंगणवाडी सेविकेने दंडाला पट्टी लावून माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली सांगितलं, किंवा दोन्ही पाय दाबल्यावर खड्डा राहिला, तर मुलाला तिथेच न्यावं.

रक्तपेढ्यांमधल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. मागणीपत्रावर निदानाच्या रकान्यात नुसतं ‘प्रोटीन कमी’ लिहिलेलं असेल, तर पिशवी वितळवायच्या आधी त्या दवाखान्यात एक फोन करा.

– एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, चोपडा (जि. जळगाव)